बारा गोल खाल्लेला प्रशिक्षक: ओट्टो रेहागल यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

29 एप्रिल 1978. जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगच्या, म्हणजे बुंडेसलिगाच्या हंगामाचा शेवटचा दिवस. कोलोन आणि मोन्शनग्लाडबाख यांचे गुण सारखे, पण गोलफरकात, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल या हिशेबात, कोलोन 10 गोलांनी पुढे. ग्लाडबाखच्या स्वतःच्या मैदानाचं काम चालू होतं, म्हणून त्यांचा सामना डसेलडॉर्फच्या ऱ्हाइनस्टेडियनवर ठेवलेला. समोर डॉर्टमुंड. मध्यंतराला 6-0 आणि शिट्टी वाजली तेव्हा 12-0. युप हाइंकेस यांनी एकट्याने 5 गोल मारले, आणि बुंडेसलिगातला खेळाडू म्हणून तो त्यांचा अखेरचा सामना ठरला. एवढं करूनही विजेतेपद कोलोनलाच गेलं, कारण तिकडे त्यांनी सांक्ट पाउलीला 5-0 ने हरवलं होतं. बुंडेसलिगात याहून मोठा विजय आजवर कुणी मिळवलेला नाही.

डॉर्टमुंडचे अक्षरशः बारा वाजले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. तेव्हा 39 वर्षांच्या असलेल्या या प्रशिक्षकाचं नाव ओट्टो रेहागल. जर्मनमध्ये ‘टोअर’ म्हणजे गोल आणि ‘हागल’ म्हणजे गारा. त्यामुळे रेहागलचं ‘टोअरहागल’ करायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. गोलांची गारपीट हे टोपणनाव त्यांना बरीच वर्षं चिकटून राहिलं.

2004 मध्ये ग्रीसने युरो करंडक जिंकला तेव्हा जगभर ‘चमत्कार’ हा एकच शब्द वापरला गेला. मला तो कधीच पटला नाही. त्या विजयामागचा माणूस तोच धडा 25 वर्षं गिरवत आला होता, फक्त आपलं लक्ष नव्हतं.

रेहागल 1938 साली एसेनमध्ये जन्मले. कोळशाच्या खाणींचं शहर. तिथल्या एका खाणीत ते रंगारी म्हणून काम शिकले आणि जोडीला फुटबॉल खेळत राहिले. रोट-वाइस एसेन, मग बर्लिनचा हेर्टा, मग कायझर्सलाउटर्न असा त्यांचा प्रवास. 1963 मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा पहिल्याच फेरीत ते हेर्टाकडून मैदानात होते. बचावपटू, तेही दांडगट. बुंडेसलिगात 201 सामने खेळले. समोरच्या आघाडीवीराला सावलीसारखं चिकटायचं आणि त्याला चेंडूच मिळू द्यायचा नाही, हे त्यांचं मैदानावरचं काम. पुढे प्रशिक्षक झाल्यावरही त्यांचा विचार याच्या फार पलीकडे गेला नाही. हे मी टीका म्हणून लिहीत नाही.

12-0 नंतर अशा माणसाला कोण घेणार? बीलेफेल्डने घेतलं, मग फोर्टुना डसेलडॉर्फने, आणि 1980 मध्ये डसेलडॉर्फने त्यांच्या हाताखाली जर्मन करंडक जिंकला. पण तिथेही ते टिकले नाहीत. 1981 च्या वसंतात वेर्डर ब्रेमेनचे प्रशिक्षक कुनो क्लोत्झर मोटार अपघातात जखमी झाले आणि बदली म्हणून रेहागल यांना बोलावणं आलं. ब्रेमेन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. बदली म्हणून गेलेला हा गृहस्थ 14 वर्षं राहिला.

ब्रेमेनकडे म्युनिकच्या बायर्न क्लबसारखा पैसा नव्हता. मग इतरांनी ‘आता संपला’ म्हणून सोडून दिलेले खेळाडू रेहागल उचलू लागले. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मानफ्रेड बुर्ग्समुलर आणि मिर्को व्होटावा यांचं. डॉर्टमुंडने बारा गोल खाल्ले त्या हंगामात हे दोघं त्याच संघात होते. त्यातला बुर्ग्समुलर 1985 मध्ये ब्रेमेनला आला तेव्हा छत्तिशीला टेकला होता. 1988 मध्ये ब्रेमेन लीगविजेता झाला तेव्हा हे दोघंही संघात होते. त्या वर्षी ब्रेमेनने 34 सामन्यांत फक्त 22 गोल खाल्ले. तो तेव्हाचा विक्रम होता आणि पुढची 20 वर्षं टिकला. गारपिटीचं उत्तर याहून नेमकं काय द्यायचं?

त्याआधी दोन वर्षं मात्र हातातोंडाशी आलेला घास गेला होता. 22 एप्रिल 1986, ब्रेमेनमध्ये बायर्नविरुद्ध 0-0. 88 व्या मिनिटाला ब्रेमेनला पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर तिथेच विजेतेपद. मिशाएल कुट्झोपने गोलरक्षकाला चकवलं, चेंडू खांबाला लागला आणि बाहेर गेला. शेवटच्या फेरीत ब्रेमेन श्टुटगार्टकडून हरला आणि गोलफरकावर बायर्न विजेता ठरला. जर्मनीत त्या वयाच्या माणसांना खांबावर आपटलेल्या त्या चेंडूचा आवाज अजून ऐकू येत असेल. ब्रेमेनने पुढे 1993 मध्ये पुन्हा लीग जिंकली, दोन जर्मन करंडक मिळवले, आणि 1992 मध्ये लिस्बनला मोनॅकोला 2-0 ने हरवून युरोपियन कप विनर्स कप ही युरोपातल्या करंडकविजेत्या क्लबांची स्पर्धाही जिंकली. लिस्बन हे नाव लक्षात असू द्या.

1995 मध्ये रेहागल बायर्न म्युनिकला गेले. ब्रेमेनसोबतच्या शेवटच्या सामन्यात तिसरं विजेतेपद समोर होतं, पण तो सामना नेमका म्युनिकमध्ये बायर्नशीच होता आणि ब्रेमेन 3-1 ने हरला. जिथे नोकरीला जायचं त्यांनीच जाताजाता विजेतेपद हातचं घालवलं. बायर्नमध्ये सुरुवात दणक्यात झाली, लीगचे पहिले सातही सामने जिंकले. पण तो ताऱ्यांचा संघ होता. क्लिन्समनसारखी मंडळी, रोज वर्तमानपत्रांत भांडणं, आणि सगळ्यांवर क्लबचे अध्यक्ष फ्रान्झ बेकेनबाउअर यांची नजर. ब्रेमेनमध्ये चालणारा कुटुंबप्रमुखाचा थाट इथे कुणी चालवून घेईना. एप्रिल 1996 मध्ये, यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी चार दिवसांवर असताना, त्यांना काढून टाकलं. तो करंडक बेकेनबाउअर यांच्या प्रशिक्षणाखाली जिंकला गेला.

त्याच मे महिन्यात कायझर्सलाउटर्नची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. त्यांचा विश्वविजेता खेळाडू आंद्रेआस ब्रेमे कॅमेऱ्यासमोर रुडी फ्योलरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. जेमतेम लाखभर वस्तीचं हे गाव, आणि तिथला क्लब हा तिथला जीव की प्राण. रेहागल इथे आले. स्वतः खेळाडू म्हणून शेवटची वर्षं काढली त्याच डोंगरावरच्या मैदानात. एका वर्षात संघ वर आणला. 2 ऑगस्ट 1997 ला पहिल्या श्रेणीतला पहिला सामना होता म्युनिकमध्ये, बायर्नशी. 80 व्या मिनिटाला डेन्मार्कच्या मिशाएल श्योनबेर्गने डोक्याने गोल केला, 1-0. त्या हंगामात कायझर्सलाउटर्न लीगविजेता झाला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन लगेच बुंडेसलिगा जिंकणारा तो पहिला संघ, आणि आजही एकमेव. त्या संघात ब्रेमे होता, बायर्नच्या वर्षात रेहागल यांच्या हाताखाली खेळलेला सिरियाको स्फोर्झा होता, आणि पुढे गाजलेला मिशाएल बालाक नावाचा एक कोवळा मुलगाही होता.

2000 च्या ऑक्टोबरमध्ये तिथलंही संपलं आणि पुढच्या वर्षी ग्रीसचं बोलावणं आलं. तोवर ग्रीसने मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. 1994 च्या विश्वचषकात तीन सामन्यांत 10 गोल खाल्ले होते, मारलेले शून्य. रेहागल यांचा पहिलाच सामना हेलसिंकीत 5-1 ने गेला. युरोच्या पात्रता फेरीतही पहिले दोन सामने 0-2, 0-2. त्यानंतरचे सहाच्या सहा सामने जिंकले आणि त्या सहांत एकही गोल खाल्ला नाही! ग्रीक भाषा त्यांना येत नव्हती. जर्मनीत वाढलेले सहायक इओआनिस टोपालिडिस त्यांचं बोलणं ग्रीकमध्ये सांगत. संघनिवडीत क्लबवाल्यांची लुडबुड त्यांनी बंद केली.

2004 च्या युरोत पोर्तुगालमध्ये काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. पहिल्याच सामन्यात यजमानांना 2-1 ने हरवलं, स्पेनशी बरोबरी, रशियाकडून हार, तरी पुढे. मग फ्रान्स 1-0, चेक प्रजासत्ताक 1-0, अंतिम फेरीत पुन्हा पोर्तुगाल 1-0. तिन्ही गोल डोक्याने. फ्रान्सविरुद्ध ग्रीसचा सेइटारिडिस त्यांच्या तिएरी ऑन्रीच्या मागे आणि कात्सुरानिस झिदानच्या मागे. इतरांनी केव्हाच सोडलेलं माणसाला माणूस लावण्याचं तंत्र. अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाला होता. 57 व्या मिनिटाला बासिनासचा कॉर्नर आला आणि खारिस्टेआसने उंच उडी घेतली. हा खारिस्टेआस त्या वर्षी ब्रेमेनमध्ये बहुतेक वेळ राखीव बाकावर होता. आणि शहर लिस्बनच.

कंटाळवाणा फुटबॉल, अशी तक्रार तेव्हा सगळीकडे झाली आणि ती खोटी नव्हती. यावर रेहागल यांचं उत्तर तयार असायचं: जो जिंकतो तो आधुनिक. ग्रीकांनी त्यांचं नाव पुराणातल्या महाबली हेराक्लिसशी जोडून ‘रेहाक्लिस’ केलं. ते 2010 पर्यंत तिथे राहिले. 2008 च्या युरोत तिन्ही सामने हरले, पण 2010 मध्ये नायजेरियाला हरवून ग्रीसला विश्वचषकातला पहिला विजय मिळवून दिला.

2012 मध्ये 73 व्या वर्षी हेर्टाने त्यांना संघ घसरणीपासून वाचवायला बोलावलं. या वेळी जमलं नाही. मे महिन्यातल्या निर्णायक सामन्यात फोर्टुना डसेलडॉर्फशी 2-2 झालं, पहिला टप्पा आधीच गमावलेला होता. सामना संपायच्या आतच हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, खेळ वीसेक मिनिटं थांबला, मग उरलेली मिनिट-दोन मिनिटं उरकली गेली. प्रशिक्षक म्हणून रेहागल यांचा तो शेवटचा सामना. डसेलडॉर्फचं ते नवं स्टेडियम जुनं ऱ्हाइनस्टेडियन पाडून त्याच जागेवर बांधलेलं आहे.