संकरित उंदीर: संप्रेरकांची जनुकं ‘वाढली’ म्हणजे नक्की काय वाढलं?

संकरित नर उंदरांच्या वंध्यत्वाबद्दल एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं: ‘संप्रेरकांशी निगडित जनुकांची अभिव्यक्ती वाढलेली आढळली, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे प्रजननक्षमता घटली.’ यातला ‘म्हणजे’ मला अजिबात मान्य नाही.

अभिव्यक्ती म्हणजे जनुकावरून आरएनए (त्या जनुकाची कामापुरती नक्कल) बनणं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घोटाळा होतो तो पुढे. पेशीत आरएनए वाढणं वेगळं आणि नमुन्यात त्या पेशींचा वाटा वाढणं वेगळं.

घरउंदराच्या दोन उपजाती, पश्चिमेची डोमेस्टिकस आणि पूर्वेची मस्क्युलस, युरोपात डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंतच्या पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. त्यांच्या काही संकरांत नर वंध्य निघतात. (आई कोणत्या उपजातीची, यानेही फरक पडतो.) अशा नराच्या वृषणात शुक्राणू घडवणाऱ्या पेशी (पुढे त्यांना शुक्रपेशी म्हणतो) अर्धसूत्री विभाजनातच, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनातच, अडकून मरतात. टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक बनवणाऱ्या लायडिग पेशी मात्र शाबूत राहतात.

आता अख्ख्या वृषणातला आरएनए एकत्र काढून मोजला, तर हाती येतो तो प्रत्येक जनुकाचा एकूण आरएनएतला फक्त हिस्सा. समजा, निरोगी नरात 100 भाग आरएनएपैकी 5 लायडिग पेशींचे आणि 95 शुक्रपेशींचे. संकरितात 95 चे 20 उरले, 5 चे 5 च राहिले. 25 पैकी 5, म्हणजे 20 टक्के! टेस्टोस्टेरॉन बनवण्याच्या कामातली ‘स्टार’ आणि ‘सीवायपी17ए1’ या नावांची जनुकं चौपट ‘वाढलेली’ दिसतील, आणि एकाही लायडिग पेशीत काडीचा बदल झालेला नसेल. इथे आकडा वंध्यत्वामुळे फुगला. आपण त्यालाच वंध्यत्वाचं कारण ठरवून मोकळे होतो.

म्हणून पेशी प्रकारानुसार वेगळ्या करून मोजलेलं नसेल, तर अशा ‘वाढी’वर मी विश्वास ठेवत नाही. निदान सूक्ष्मदर्शकाखाली लायडिग पेशी मोजा, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासा.

खरी वाढही असते. विभाजनाच्या वेळी एक्स गुणसूत्रावरची जनुकं गप्प व्हायला हवीत; वंध्य संकरितांत ती चालूच राहतात, आणि वेगळ्या केलेल्या शुक्रपेशींतही हे दिसलं आहे. याच संकरांमधून 2009 मध्ये वंध्यत्वाशी निगडित म्हणून ओळखलं गेलेलं पीआरडीएम9 हे जनुकही अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीला शुक्रपेशींतच काम करतं, लायडिग पेशींत नाही.