आइस हॉकीत आपल्या पोरी नाहीत? कोण म्हटलं!

रंकाळ्यावर भेळ खाता खाता परत तेच ऐकलं, "आइस हॉकी गोऱ्यांचा खेळ, आपल्याकडं बायकांची टीम कुठली असतीय!" ही थाप किती वर्षं फिरतीय. अरे भावा, 2016 ला तैपेईत चॅलेंज कप ऑफ एशियाला आपल्या पोरी पहिल्यांदा उतरल्या, बहुतेक लडाखच्या, तिथं तळी गोठली की तीच रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान. सुरुवातीला मार खाल्ला, खोटं कशाला बोला, पण 2017 ला बँकॉकात फिलिपिन्सला 4-3 हरवलं आणि 2025 ला यूएईतल्या अल ऐनच्या आशिया कपात ब्राँझ घेतलं, नाद खुळा! आणि हो, त्यात बॉल नसतोय, रबराची जाड चकती असती, पक म्हणत्यात, गोलकीपरसकट सहाच जणी बर्फावर, दमल्या की चालू खेळातच बदली.