धर्मसंकट, विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकांतील

कोणताही पर्याय निवडला तरी कोणाचे तरी नुकसान अटळ, अशा पेचात पात्राला उभे करणे आणि निर्णयाची जबाबदारी त्याला पुढे झटकू न देणे, हे या पटकथालेखनातील तंत्राचे स्थूल स्वरूप. खलनायकाला करुण पूर्वेतिहास जोडला की ते साधते, हा समज चुकीचा आहे.

उगमाबाबत मतभेद आहेत. ‘द ट्वायलाइट झोन’ (१९५९–६४) या मालिकेला श्रेय देण्याचा प्रघात आहे. मात्र तिच्या बऱ्याच कथा नीतिकथेच्या वळणाच्या असून दोषी कोण ते शेवटी उघड होते. म्हणून ‘स्टार ट्रेक’चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ (६ एप्रिल १९६७) हा भाग आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात भूतकाळात गेलेला अंतराळयानाचा कप्तान कर्क एडिथ कीलर या शांततावादी समाजसेविकेच्या प्रेमात पडतो; पण ती जगली, तर अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरून जर्मनी जिंकणार असतो. हार्लन एलिसन यांच्या मूळ संहितेत ऐन वेळी कप्तान कर्कचे पाऊल उचलत नाही आणि तिला मरू देण्याचे काम त्याचा सहकारी स्पॉक याच्यावर येते. डी. सी. फोंटाना आदींच्या पुनर्लेखनानंतर दाखवलेल्या भागात मात्र तिला वाचवायला धावलेल्या, यानावरील डॉ. मॅकॉयला कर्क स्वतःच धरून ठेवतो. मूळ संहितेला पटकथाकार संघाचा, तर प्रक्षेपित भागाला ह्यूगो पुरस्कार लाभला. तेव्हा पुरस्कारांवरून निवाडा होत नाही. एलिसन यांचा कर्क अधिक माणसासारखा आहे खरा, पण ज्याचे प्रेम त्याच्याच हातून कृत्य घडणे पेचाला जास्त धार आणते.

‘डॉक्टर हू’मधील ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’ (१९७५) या कथेत मालिकेचा नायक डॉक्टर दोन तारा हातात धरून थबकतो : त्या जोडल्या की डॅलेक या संहारक जीवांची संपूर्ण जात जन्मण्याआधीच नष्ट होईल. प्रसंग गाजला तो योग्यच. तथापि पुढे एक डॅलेकच तारांवरून जाऊन स्फोट घडवतो आणि नायकाचे हात कोरडे राहतात. ‘स्टार ट्रेक’ परिवारातील ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागात (१९९८) ही पळवाट नाही. खोट्या पुराव्यातून सुरू झालेला अंतराळस्थानकाचा प्रमुख सिस्को याचा डाव खुनापर्यंत जातो, एक तटस्थ सत्ता युद्धात ओढली जाते. तो हे सारे कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो आणि ती नोंदच पुसून टाकतो.

जपानी ‘मोबाइल सूट गंडम’ने (१९७९–८०) दोन्ही लढणाऱ्या पक्षांत सज्जन व दुर्जन दाखवून हीच वाट वेगळ्या दिशेने चोखाळली.