मारलं कुणी आणि घडलं कुठे: इंग्लंडमधल्या पबच्या परवान्याची पार्श्वभूमी

इंग्लंड किंवा वेल्समधल्या एखाद्या पबमध्ये रात्री चाकू चालतो, फुटक्या ग्लासनं कुणाचा तरी चेहरा फाटतो, तेव्हा दोन वेगवेगळ्या चौकश्या सुरू होतात. पहिली पोलिसांची, मारलं कुणी याची. तिचा न्यायालयीन निकाल लागायला कित्येक महिने जातात. दुसरी स्थानिक कौन्सिलच्या परवाना समितीपुढे चालते आणि तिथला तात्पुरता निर्णय दोन-तीन दिवसांतही येऊ शकतो. आरोपी दोषी ठरायच्या आत पबचा परवाना निलंबित होतो, हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. या परवान्याचा जन्मच भांडणतंट्यातून झाला आहे.

सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५२ साली, बिअरच्या गुत्त्यांसाठी कायदा झाला. गुत्ता चालवायचा तर ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे त्या भागातल्या मानद दंडाधिकाऱ्यांपैकी दोघांची परवानगी लागू लागली. शिवाय चालकाला मुचलका लिहून द्यावा लागे: घरात सुव्यवस्था राखीन, बेकायदा खेळ चालू देणार नाही. मोडला तर पैसे जप्त. पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज मला या मुचलक्यात दिसतं. मालकानं स्वतः हात उचलला नसला तरी त्याच्या छपराखाली जे घडतं त्याचा जबाब त्यानं द्यायचा. गुन्ह्याची शिक्षा आणि जागेची जबाबदारी या दोन गोष्टी तेव्हाच वेगळ्या झाल्या.

एकदा हा लगाम सैलही सोडून पाहिला गेला. १८३० च्या बिअरहाउस कायद्यानं कर भरणाऱ्या घरमालकाला दंडाधिकाऱ्यांकडे न जाता, दोन गिनी भरून बिअर विकायची मुभा मिळाली. अशी हजारो दुकानं बघता बघता उघडली. १८६९ मध्ये नव्या दुकानांसाठी दंडाधिकाऱ्यांचा अधिकार परत आणावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रश्न आला तो परवाना नेमका काय आहे याचा. मालमत्ता, की दरवर्षी नव्यानं मिळणारी सवलत? वेस्टमोरलंडमधल्या केंटमिअर या आडगावच्या एका सराईच्या दारूच्या परवान्याचं नूतनीकरण दंडाधिकाऱ्यांनी नाकारलं. जागा पोलिसांच्या नजरेपासून फार लांब होती आणि त्या भागाला तिची गरजही नव्हती. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८९१ च्या ‘शार्प विरुद्ध वेकफिल्ड’ निकालानं सांगितलं, की नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. मात्र तो लहरीनं नव्हे, तर्काला धरून, न्यायबुद्धीनं वापरायचा. मद्यव्यवसायाला हा मोठा धक्का होता. १९०४ च्या कायद्यानं त्यावर मधला मार्ग काढला. गैरवर्तनाशिवाय अन्य कारणानं परवाना गेला, तर व्यवसायाकडूनच वर्गणी घेऊन उभारलेल्या निधीतून भरपाई मिळायची. गुत्ता बेशिस्त म्हणून गेला, तर ती मिळायची नाही.

नंतर जवळजवळ शंभर वर्षं सत्ता दंडाधिकाऱ्यांकडेच राहिली. परवान्याची मुदत संपली, की पोलीस आणि शेजारी हरकत घ्यायला उभे राहू शकत.

खरा बदल २००३ च्या लायसन्सिंग कायद्यानं केला. तो २४ नोव्हेंबर २००५ ला पूर्णपणे अमलात आला. परवाने कौन्सिलकडे गेले आणि नूतनीकरणाची अटच संपली. परवाना सहसा बेमुदत झाला. त्या बदल्यात कायद्यानं कलम ५१ दिलं: पोलीस, अग्निशमन दल किंवा रहिवासी कधीही फेरविचाराचा अर्ज करू शकतात. आधी त्यासाठी रहिवाशाचं घर पबच्या आसपास असावं लागे. २०११ च्या एका कायद्यामुळे २०१२ पासून तीही अट गेली. अर्जाला आधार चारच गोष्टींचा: गुन्हे व बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. समिती अटी बदलू शकते, दारूविक्रीसाठी नेमलेला व्यवस्थापक हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते किंवा तो रद्दच करू शकते. दोषी कोण हे ठरवणं तिचं काम नाही. दारावर प्रशिक्षित माणसं होती का, कॅमेरे चालू होते का, आधीच तर्र झालेल्याला आणखी दारू दिली का, भांडण वाढताना कुणी मध्ये पडलं का, पोलिसांना वेळेवर फोन गेला का, हे ती पाहते. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कणखर प्लास्टिकचे ग्लास वापरण्याची अट अशाच सुनावण्यांतून येते.

पण साध्या फेरविचारात हरकतींसाठीच २८ दिवस जातात. तेवढ्या काळात पुढचा शनिवार चार वेळा येतो. ज्याच्या अंगावर टाके पडले आहेत त्याच्या घरच्यांना हे कसं सांगणार? म्हणून २००६ च्या हिंसक गुन्हेविरोधी कायद्यानं कलम ५३अ घातलं. सुपरिंटेंडंट किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं ही जागा गंभीर गुन्ह्याशी वा गंभीर बेशिस्तीशी निगडित असल्याचा दाखला दिला, की कौन्सिलनं ४८ तासांत (सुट्टीचे दिवस वगळून) तात्पुरत्या उपायांचा विचार करायचा. मालकाची बाजू ऐकण्याआधीही परवाना निलंबित होऊ शकतो. हे कठोर आहे. म्हणूनच मालकानं हरकत घेतली तर पुन्हा ४८ तासांत त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि २८ दिवसांत पूर्ण सुनावणी घ्यावी लागते.

यातही एक भोक राहिलं होतं. अंतिम निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत अपील करता येतं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो निर्णय लागू होत नाही. मग मधल्या काळात आधीचं निलंबन टिकतं की गळून पडतं? वकिलांची दोन मतं होती. २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम कायद्यानं हा गोंधळ मिटवला. आता अंतिम सुनावणीतच समितीला तात्पुरत्या उपायांचंही काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि त्या निर्णयावर वेगळं अपील झालं तर मॅजिस्ट्रेट कोर्टानं ते २८ दिवसांत ऐकायचं.