मांजर चाटतंय की खाजवतंय?

कुत्र्याला खाज सुटली की तो घर डोक्यावर घेतो. मांजर गुपचूप चाटत बसतं, तेही बहुतेकदा आपली पाठ वळल्यावर. त्याच्या जिभेवर केराटिनचे बारीक काटे असतात. सतत चाटल्याने केस तुटतात आणि पोट, मांड्यांची आतली बाजू गुळगुळीत होते. तिथून उलट्या दिशेने बोट फिरवा. तुटक्या केसांचे खुंट हाताला लागले, तर खाजेचा संशय घ्यायला हरकत नाही.

मुंबईत पहिला संशयित म्हणजे पिसू. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की पिसवांच्या अळ्या सुकून मरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वेळ येतच नाही. ‘आमची माऊ फ्लॅटबाहेर पाऊलही टाकत नाही’ हे खरं असेल, पण जिन्यातली मांजरं आणि आपले कपडे बाहेर जातातच की! काही मांजरांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते, मग चार चावेही पुरतात. पिसू मात्र दिसत नाही, कारण ती चाटताना पोटात गेलेली असते. म्हणून उवांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

अंडी अंगावरून गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत पडतात. कोष तर महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. त्यामुळे औषध घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला, दर महिन्याला, निदान तीन महिने द्यावं लागतं. अंथरुणं गरम पाण्यात धुवायची ती वेगळीच.

कानाच्या कडेवर राखाडी, जाड खपल्या दिसल्या तर खरूज असू शकते. तोंडावर किंवा पंजावर गोल, कोंडा सुटलेला चट्टा असेल तर नायटा. पिल्लांत आणि पर्शियन मांजरांत तो जास्त. नायट्याची ही मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी माणसालाही लागते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडवाली ट्यूब लावली की लाली उतरते आणि बुरशी आत निवांत पसरते.

खरा धोका घरगुती उपचारांचा. काही रसायनं निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. कुत्र्यांसाठीच्या पिसूनाशक थेंबांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला झटके आणतं, जीवही घेतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. टी ट्री तेल नको, फिनाइलने पुसलेल्या ओल्या लादीवर त्याला फिरूही देऊ नका. पंजे चाटले की ते पोटातच जातं.

डॉक्टरांकडे नेण्याआधी आंघोळ घालू नका, मलम फासू नका. तपासायचा पुरावाच धुऊन जातो. त्यापेक्षा चट्ट्याचे फोटो न्या. नायट्याच्या तपासणीत वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली काही केस हिरवे चमकतात. चमकले नाहीत म्हणून सुटका नाही, बुरशीचं कल्चर, म्हणजे केसांच्या नमुन्यातून ती वाढवून पाहणं, करावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. तोवर लहान मुलांच्या पांघरुणात माऊला घेऊ नका, तिने कितीही लाडीगोडी लावली तरी.