रडारच्या पाठीमागचं आकाश

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडारचे उंच मनोरे उभे होते, पण त्यांचं तोंड समुद्राकडे होतं. जर्मन विमान किनारा ओलांडून आत शिरलं की पुढचा माग काढायचा माणसांनीच. ऑब्झर्व्हर कोअर या टेहळणी दलाचे हे सुमारे तीस हजार स्वयंसेवक आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून टेकड्यांवर, माळांवर पाळीपाळीने पहारा देत.

त्यांच्या नजरेचं कौतुक खूप होतं. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं भूमितीचं काम. चौकीत चौकटी आखलेला गोल नकाशा आणि त्यावर फिरणारं नेम धरायचं यंत्र असे. यंत्रातून विमान कुठल्या दिशेला आणि किती अंश वर आहे ते कळतं, पण किती दूर आहे ते कळत नाही. त्यासाठी उंचीचा अंदाज बांधावा लागतो, आणि तिथंच गफलत होते. समजा, विमान ३० अंशांवर दिसतंय. उंची ३,००० मीटर धरली तर ते ५,२०० मीटर दूर ठरतं. खरी उंची २,४०० मीटर असेल तर ते ४,१५० मीटरवरच असतं. म्हणजे नकाशावरची खूण किलोमीटरभर चुकली!

यावर उपाय होता शेजारची चौकी. दोन-तीन चौक्या एकाच टेलिफोन तारेवर असत. एकच विमान दोघींनी एकाच वेळी टिपलं की दोन्ही नोंदी ताडून उंची दुरुस्त करता येई.

ढगाळ दिवशी फक्त कान. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो, तसाच विमानाचा आवाजही. सात किलोमीटरवरून तो पोहोचायला वीस सेकंद लागतात. ताशी ४०० किलोमीटर वेगाचं विमान तोवर दोन किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं. कान दाखवतो ती विमानाची जुनी जागा.

१९४१ मध्ये या दलाला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १३ जून १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डिमचर्च गावच्या चौकीतल्या दोघांना शेपटीला ज्वाळा असलेलं, खडखडत येणारं काहीतरी दिसलं. त्यांनी फोनवर ठरलेला सांकेतिक शब्द उच्चारला, ‘डायव्हर’. तो व्ही-१ हा उडता बॉम्ब होता. मिनिटाला जवळपास दहा किलोमीटर कापणारा. तो नजरेआड होण्याआधी पुढच्या चौकीला सावध करायचं होतं.