रुग्णालयीन परिचर्येतील व्यावसायिक नीती व न्यायवैद्यक जबाबदारी

रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिकेने पाळायची नीती, तसेच ज्या रुग्णाची इजा, आजार किंवा मृत्यू पुढे कायदेशीर चौकशीचा विषय होऊ शकतो त्याच्या बाबतीत पुरावा जपण्याची व अचूक नोंद ठेवण्याची जबाबदारी. मारहाण, भोसकणे, गोळी लागणे, विषबाधा, भाजणे, लैंगिक अत्याचार, बालकांची व वृद्धांची हेळसांड, कोठडीतील इजा आणि अनपेक्षित मृत्यू ही अशी प्रमुख प्रकरणे होत. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. तिची २०२१ मध्ये पुन्हा सुधारणा झाली. न्यायवैद्यक परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. मात्र असा रुग्ण बहुतेक वेळा सर्वप्रथम येतो तो अपघात विभागातल्या साध्या परिचारिकेपुढे, म्हणून हे ज्ञान तिला असणे अधिक गरजेचे आहे.

जीव आधी, पुरावा नंतर, हा क्रम कधीही बदलत नाही. पण एकच काम पुरावा राखूनही करता येते आणि नष्ट करूनही. अंगावरचा शर्ट कापताना कात्री शिवणीच्या कडेने चालवावी. गोळीच्या किंवा सुऱ्याच्या छिद्रातून चालवली तर छिद्राचा आकार, दिशा व भोवतीची काजळी कायमची हरवते. त्याच कारणाने छातीतील नळी आयत्या जखमेतून घालू नये. स्वतंत्र छेद घ्यावा. कपडे झटकू नयेत. रुग्णाला स्वच्छ चादरीवर किंवा कागदावर ठेवून कपडे उतरवावेत आणि ती चादरही घडी करून पुराव्यात द्यावी, कारण सुटलेले केस व धागे तिच्यातच असतात. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. प्लॅस्टिकची पिशवी ही नेहमी आढळणारी चूक आहे: ओलावा कोंडला जातो, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ओले कपडे आधी हवेवर वाळवावेत. गोळीबाराच्या प्रकरणात हातांवरील बारूदाचे कण काही तासांतच निघून जातात, म्हणून नमुने घेईपर्यंत हात धुऊ नयेत, त्यांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. शरीरातून काढलेली गोळी धातूच्या दातेरी चिमट्याने धरल्यास तिच्यावरील बंदुकीच्या नळीच्या खुणांवर नवे ओरखडे उमटतात. रबर चढवलेला चिमटा वापरावा.

रक्तातील अल्कोहोलसाठी नमुना घेताना त्वचा स्पिरिटने पुसली तर बचाव पक्ष त्याच मुद्द्यावर अहवाल खोडून काढू शकतो. अल्कोहोलविरहित जंतुनाशक वापरावे व तसे लिहून ठेवावे. नळीत सोडियम फ्लोराइड असावे, म्हणजे जंतूंमुळे नमुन्यातच अल्कोहोल तयार होणे किंवा घटणे रोखले जाते. नळी पुरेशी भरून, बूच घट्ट लावून थंड जागी ठेवावी.

कारणाशिवाय साखर अचानक उतरलेल्या रुग्णात ग्लुकोज देण्याआधी रक्त घ्यावे, मात्र त्यासाठी उपचार थांबवू नयेत. शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्यासोबत सी-पेप्टाइड हा घटकही तयार होतो. म्हणून इन्सुलिन खूप जास्त आणि सी-पेप्टाइड अत्यल्प असेल, तर ते इन्सुलिन बाहेरून टोचलेले असते. १९९१ मध्ये इंग्लंडमधील ग्रँथम येथील बालरुग्ण विभागात बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेने मुलांवर, काहींवर इन्सुलिन टोचून, हल्ले केले. हल्ला झालेल्यांपैकी चार मुले दगावली आणि १९९३ मध्ये तिला जन्मठेप झाली. संशय सहकाऱ्यावर येत असेल तेव्हाही तो वरिष्ठांपर्यंत पोचवणे हे कर्तव्यच आहे; निष्ठा रुग्णाशी असते.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती लागते आणि ती मध्येच मागे घेता येते. पीडित व्यक्तीने तपासणी नाकारली तरी उपचार तसेच मिळाले पाहिजेत. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितके लवकर सुरू करावे लागते. आपत्कालीन गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत देता येते. तोंडातील नमुना घेईपर्यंत पाणी पिऊ देऊ नये, आणि म्हणूनच तो नमुना सर्वांत आधी घ्यावा, तहानलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

नोंद हाच परिचारिकेचा सर्वांत टिकाऊ पुरावा. रुग्णाचे शब्द अवतरण चिन्हांत जसेच्या तसे लिहावेत. ‘गोळी आत शिरल्याची जखम’ असा निष्कर्ष लिहू नये. जागा, आकार, सेंटिमीटरमधील लांबी-रुंदी व कडांचे स्वरूप लिहावे. बोथट माराने फाटलेल्या जखमेच्या कडा अनियमित असतात, आत ऊतींचे धागे टिकून राहतात. धारदार शस्त्राच्या जखमेत ते नसतात. दोन्हींना सरसकट ‘कट’ लिहिल्याने पुढे हत्यारच चुकीचे ठरते. मुक्या माराच्या काळ्यानिळ्या डागाच्या रंगावरून मार किती दिवसांचा हे सांगू नये. छायाचित्रे तीन अंतरांवरून, जवळचे मोजपट्टीसह आणि काटकोनात घ्यावीत. लिहिताना चूक झाली तर एक आडवी रेघ, सही व वेळ. खोडरंग कधीच नाही. पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नाव, सही, तारीख व वेळ लागते. पाकीट टेबलावर तासभर जरी बेवारस राहिले तरी ताब्याची साखळी, म्हणजे पुरावा केव्हा कोणाकडे होता याची सलग नोंद, तुटते.

गोपनीयता आणि कळवण्याची सक्ती यांत खरा पेच येतो. काही इजा कळवणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्या, हे त्या त्या कायद्यावर ठरते. रुग्णाने सांगायला सुरुवात करण्यापूर्वीच काय गुप्त ठेवता येणार नाही ते त्याला सांगावे. पोलीस किंवा नातेवाईक खाटेशी उभे असताना माहिती विचारू नये. मारणारा त्यांच्यातच असू शकतो. आरोपी असलेल्या रुग्णालाही वेदनाशामक तेवढेच आणि तितक्याच तत्परतेने मिळते. परिचारिका तपास अधिकारी नाही आणि उलटतपासणी हे तिचे काम नाही.

संशयास्पद मृत्यूत शव धुऊ नये. श्वासनलिकेतील नळी, कॅन्युला (शिरेतील बारीक नळी), कॅथेटर (लघवीची नळी) काढू नयेत. सलाईनची नळी बंद करून तशीच सोडावी. उपचारासाठी सुई टोचलेल्या जागा नोंदीत लिहाव्यात आणि स्थानिक पद्धत असेल तर त्यांभोवती पेनने वर्तुळ करावे, नाहीतर शवविच्छेदनात त्या अमली पदार्थ टोचल्याच्या खुणा वाटू शकतात. नातेवाइकांना अंत्यदर्शन नाकारू नये. परिचारिकेने जवळ थांबावे, नळ्या का तशाच आहेत ते आधी समजावून सांगावे, आणि तपास यंत्रणेची हरकत नसेल तर त्यांना हात हातात घेऊ द्यावा.